शक्तिमानचा क्राउन-पिनियन

कॅडेट मित्रांनो, फौजेच्या कॉनव्हॉयमध्ये आज तुम्हाला स्टॅलियन दिसते, टाटाची ७१३ दिसते. या गाड्या येण्यापूर्वी जवळजवळ चार दशके फौजेचे राशन, दारूगोळा, तंबू आणि जवान वाहिले ते शक्तिमानने. तुमच्या आजोबांपैकी कोणी फौजेत असेल, तर तो या गाडीच्या मागच्या फळीवर बसलेला असणारच. मी स्वतः ईएमईमध्ये २४ वर्षे व्हेइकल मेकॅनिक होतो. क्राफ्ट्समन म्हणून भरती झालो तेव्हा वस्तादांनी पहिला पाना हातात दिला तो शक्तिमानच्या चाकाशी. निवृत्तीनंतर बेंगळुरूला स्थायिक झालो. मुलगा मिलिटरी स्कूलमध्ये आठवीत आहे. मराठी पानासाठी काहीतरी लिहा असा त्याचा आग्रह होता, म्हणून गेली तीन वर्षे आम्ही तीन पेन्शनर ज्या उद्योगात आहोत त्याबद्दल लिहितो.

आधी गाडीची ओळख. जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आपले इंजिन यशस्वी चालवून दाखवले. ज्या कारखान्यात ते घडले तोच पुढे एम.ए.एन., म्हणजे ‘मान’ कंपनी झाला. या कंपनीशी करार करून १९५९ मध्ये जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत पहिली शक्तिमान बाहेर पडली. त्या वेळी कृष्ण मेनन संरक्षणमंत्री होते. १९६९ मध्ये जबलपूरलाच व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली आणि काम तिकडे गेले. १९९६ मध्ये उत्पादन थांबले. ‘शक्तिमान’ या नावात ‘मान’ आहेच, हे आम्हाला वस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते.

ती चारही चाकांना ताकद देणारी गाडी होती. मान कंपनीची त्या काळातली खासियत म्हणजे पिस्टनच्या डोक्यात कोरलेली गोल वाटी. डिझेल नुसते हवेत न फवारता या वाटीच्या भिंतीवर पातळ थरासारखे पसरवले जायचे आणि तिथून हळूहळू पेट घ्यायचे. त्यामुळे इंजिनाची ठोक कमी व्हायची.

आमच्या तिघांपैकी एक अण्णा, मूळचे तुमकुरूकडचे. एएससीमध्ये ड्रायव्हर होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. दुसरे आमचे दाजी, बेळगावचे. ते तोफखान्यात गनर होते आणि शक्तिमानच्या मागे तोफ जोडून खूप फिरले आहेत. तिसरा मी. शहराबाहेरच्या एका भंगार यार्डात अण्णांना एक शक्तिमान दिसली. लिलावात निघालेली, अनेक हात फिरलेली. इंजिन जागेवर होते, पण डिझेल पंप काढून नेलेला, आणि मागचा ॲक्सल फिरत नव्हता. मागच्या फळीवरचा रंग खरवडला तेव्हा खाली जुना फौजी नंबर अंधुक दिसला.

तुम्हाला माहीत असेल, फौजी नंबरात आधी वर जाणारा बाण असतो आणि बाणानंतरचे दोन आकडे गाडी घेतल्याचे वर्ष सांगतात. इथे ८१ होते. अण्णा १९८१ साली भरती झाले. ते म्हणाले, “सुबेदार साहेब, ही माझ्या बॅचची आहे. हिला कापू द्यायची नाही.” तिघांनी पेन्शनमधून पैसे घातले आणि गाडी आणली.

सुट्या भागांचा शोध सुरू झाला तेव्हा पहिली गोष्ट कळली ती अशी. तितक्याच जुन्या टाटा-मर्सिडीजचे भाग आजही मिळतात. टेल्कोने १९५४ साली डेमलर-बेंझशी करार केला, १९६९ ला तो संपला, पण त्याच घराण्यातल्या गाड्या पुढे अनेक वर्षे देशभर धावल्या. ऊस, सिमेंट, कांदा सगळे त्यांनी वाहिले. गावोगावी दुकानदारांनी त्यांचे भाग ठेवले. शक्तिमान मात्र मुख्यतः फौजेसाठी बनली. तिचे भाग फौजेच्या डेपोतून यायचे, बाजारात त्यांना गिऱ्हाईक नव्हते. फौजेने गाडी सोडली आणि भागांची वाटच बंद झाली. एखादी वस्तू किती चांगली होती यावर तिचे सुटे भाग टिकत नाहीत. ती किती लोकांच्या पोटापाण्याशी जोडलेली होती यावर टिकतात.

तरीही बेंगळुरू हे या कामासाठी चांगले शहर आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने १९४० मध्ये इथे विमानांचा कारखाना काढला, तोच आजचा एचएएल. याच वालचंदांनी पुढे १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडले. एचएएल, बीईएल, एचएमटी, मायको अशा कारखान्यांनी बेंगळुरूला फिटर, टर्नर, टूलमेकर यांच्या दोन-तीन पिढ्या दिल्या. पीनियाच्या गल्ल्यांत आजही असा टर्नर भेटतो की त्याच्या हातात झिजलेला बुश ठेवला तर तो मोजण्याआधी बोटाने फिरवून सांगतो, “इतका खाल्लाय.”

आमची फेरी ठरलेली असे. शिवाजीनगरची गुजरी, मग जे.सी. रोड, मग बेअरिंगसाठी एस.जे.पी. रोड. सुट्टीत मुलगाही बरोबर असे. त्याला एक गंमत शिकवली ती तुम्हालाही सांगतो. बेअरिंगच्या कडीवर नंबर कोरलेला असतो. समजा ६३०९ आहे. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणा. ०९ गुणिले ५ म्हणजे ४५. आतल्या भोकाचा व्यास ४५ मिलिमीटर. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्याहून मोठे असले की हा हिशेब चालतो. हे नंबर जगभर एकच आहेत. त्यामुळे ट्रक जर्मन आराखड्याचा, बेअरिंग कुठल्याही देशाचे, तरी जोड बसते. ‘शक्तिमानचे बेअरिंग द्या’ असे विचारले की दुकानदार नाही म्हणतो. ‘६३०९ द्या’ म्हटले की फळीवरून काढून देतो. ऑइल सीलचेही तसेच. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, एवढे मोजून गेलो तर काम झाले.

नट-बोल्टमध्ये मात्र जपावे लागते. शक्तिमान मेट्रिक आहे. जुन्या इंग्रजी गाड्यांचे आटे इंचात. मेट्रिक आट्याचा कोन ६० अंश, इंग्रजी व्हिटवर्थचा ५५ अंश. दोन फेरे नीट बसतात, तिसऱ्याला जोर लागतो. तिथे जोर लावणारा मेकॅनिक आटा मारतो. आमच्या गाडीत मधल्या कोणत्या तरी मालकाने असे कितीतरी बोल्ट ठोकून बसवले होते. पिच गेज लावून एकेक तपासण्यात पूर्ण पावसाळा गेला.

गुजरीतले आमचे मुख्य आधार म्हणजे एक चाचा. दुकान म्हणजे आठ फुटांची फळी, मागे छतापर्यंत लोखंड. पहिल्या दिवशी त्यांनी आमची यादी पाहिली आणि म्हणाले, “ये माल नक्को ढूंढो साब, खाली थक जाते.” त्यांच्या दखनीतला तो ‘नक्को’ ऐकला आणि मला घरी आल्यासारखे वाटले, कारण तो आपल्याच ‘नको’चा भाऊ. नको म्हणाले खरे, पण दोन महिन्यांनी त्यांचाच निरोप आला. एका बंद पडलेल्या गॅरेजच्या मालातून त्यांनी आमच्यासाठी डिझेल पंप बाजूला ठेवला होता.

पंपाला बेंगळुरूत कोणी इंजेक्शन पंप म्हणत नाही, ‘मायको पंप’ म्हणतात. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, १९५१ साली स्थापन झालेली, कारखाना आडुगोडीला होता. आता तिचे नाव बॉश आहे. देशातल्या डिझेल गाड्यांचे पंप आणि नोझल कित्येक वर्षे तिथून गेले. पंपाच्या आत प्लंजर आणि बॅरल अशी जोडी असते. तिला मेकॅनिक ‘एलिमेंट’ म्हणतात. दोघांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची. तुमच्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाच्या विसाव्या हिश्शाहून कमी जागा. त्या फटीतून डिझेल गळू न देता प्रचंड दाब तयार होतो. म्हणून एका बॅरलमध्ये दुसऱ्याचा प्लंजर घालता येत नाही. ती जोडी कारखान्यात एकमेकांवर घासूनच तयार झालेली असते.

सहाही एलिमेंट नवीन घालून पंप टेस्ट बेंचवर लावला. काचेच्या सहा नळ्यांत डिझेल जमा होते आणि सहाही नळ्यांत ते सारखे भरले पाहिजे. मिस्त्री सत्तरीचे होते. चौथ्या नळीत किंचित कमी पडत होते. त्यांनी तीन तास घालवले, पण ते चालेल असे म्हणाले नाहीत. माझा मुलगा शेजारी उभा राहून पाहत होता. त्याने विचारले, “इतक्या फरकाने काय होतं आजोबा?” ते म्हणाले, “गाडी चालते बाळ. पण चौथा सिलिंडर आयुष्यभर कमी जेवतो आणि बाकीचे त्याचे ओझे वाहतात.”

इंजिन सुरू झाले त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. पण गाडी जागची हलेना, कारण मागचा क्राउन-पिनियन. प्रोपेलर शाफ्टची फिरकी नव्वद अंशात वळवून चाकांना देणारी ही दातांची जोडी. आमच्या पिनियनचे तीन दात तुटलेले होते.

इथे कोणीही विचारेल, टाटाचा मागचा ॲक्सल का घालत नाही? आम्हालाही गॅरेजवाल्यांनी हेच सुचवले. पण शक्तिमानला पुढेही ॲक्सल आहे. पुढच्याचा रेशो एक आणि मागच्याचा दुसरा असेल तर पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतील. पुढचा ॲक्सल जोडला की दोन्हींच्या ओढाताणीत शाफ्ट पिळवटून काहीतरी मोडणार. म्हणजे पुढचा ॲक्सल कायमचा सोडून द्यावा लागेल. मग ती शक्तिमान राहत नाही. नवा क्राउन-पिनियन बनवून घेणेही परवडणारे नव्हते. तिरक्या वळणाचे ते दात खास यंत्रावर कापतात, आणि एका जोडीसाठी कोणी ते यंत्र लावत नाही. शिवाय ही जोडीही एलिमेंटसारखीच एकमेकांवर घासून तयार होते. दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. एक इकडून, एक तिकडून असे जमत नाही. आम्हाला दुसऱ्या शक्तिमानची पूर्ण जोडी हवी होती.

सात-आठ महिन्यांनी खबर लागली. सकलेशपूरच्या बाजूला एका कॉफीच्या इस्टेटीत शक्तिमान आहे, मालक विकायला तयार आहे, भंगाराच्या दराने. आम्ही तिघे गेलो. पाहतो तर गाडी उभी नव्हती, काम करत होती. इस्टेटीतल्या सिल्व्हर ओकचे ओंडके घेऊन लाल चिखलाच्या चढावरून ती हळूहळू वर येत होती. आवाजावरूनच कळले की इंजिन ठणठणीत आहे. केबिनचे छप्पर कापून ताडपत्री लावलेली, मूळ बॉडी जाऊन तिथे लाकडी खांब, पुढे ओंडके ओढायचा जाडजूड हूक. रंगाचे नावच नको. पण चारही चाके खेचत होती.

मालक वयस्कर होते. कागद केव्हाच संपले होते आणि गाडी फक्त इस्टेटीच्या आत चालायची. मुलाला नवीन क्रेन घ्यायची होती. तिचा ड्रायव्हर अठ्ठावीस वर्षे तीच गाडी चालवत होता. आम्ही ॲक्सलसाठी आलोय हे ऐकल्यावर तो गाडीतून उतरला, चाकाला टेकून उभा राहिला आणि कन्नडमध्ये अण्णांना म्हणाला, “म्हणजे चालती गाडी मोडून थांबलेली गाडी दुरुस्त करणार?”

त्या रात्री सकलेशपूरच्या लॉजवर आम्ही उशिरापर्यंत बोलत बसलो. फौजेत एका गाडीचा भाग काढून दुसरीला लावणे याला कॅनिबलायझेशन म्हणतात. परवानगीशिवाय ते करायला सक्त मनाई असते. तरुणपणी मला हा नुसता कागदी नियम वाटायचा. पुढे कारण समजले. भाग काढताना एकदा आणि बसवताना एकदा असे काम दुप्पट होते. प्रत्येक वेळी जोड थोडी झिजते. आणि जिचा भाग काढला ती गाडी कोपऱ्यात गेली की परत येत नाही. आज एक भाग, उद्या दुसरा, वर्षभरात तिचा सांगाडा होतो.

दाजींचे म्हणणे साधे होते. आमच्या गाडीची केबिन सरळ आहे, बॉडी मूळची आहे, फौजी नंबर आहे. सकलेशपूरची गाडी ओळखूही येत नाही. लोकांना दाखवायची ती कोणती? शिवाय आमच्या गाडीवर दोन वर्षे आणि बराच पैसा गेला होता. हे सगळे खरे होते.

माझा प्रश्न वेगळा होता. शक्तिमान म्हणजे काय, तिचा पत्रा की तिची खेच? आमच्या गाडीचा पत्रा चांगला, पण ती पंधरा वर्षे पावसात उभी. गियर बॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचे हौसिंग, काहीच अजून उघडले नव्हते. आत काय निघेल सांगता येत नव्हते. सकलेशपूरच्या गाडीतला प्रत्येक दात रोज तेलात फिरत होता. पत्रा पीनियात बनवता येतो. पिनियन येत नाही.

मी हे बोलणार तेवढ्यात अण्णाच म्हणाले, “माझ्या बॅचच्या गाडीचे भाग काढू. हिला जगवू.” मग थोडा वेळ कोणी बोलले नाही. ज्यांनी ‘हिला कापू द्यायची नाही’ म्हटले होते, त्यांनीच हे म्हणावे, याला किती हिंमत लागली असेल हे आम्हा दोघांना कळत होते.

गाडी लो-बेड ट्रेलरवर बेंगळुरूला आणली. तिचा ड्रायव्हर दोन दिवस आमच्याकडे राहिला. तिसरा गियर टाकताना किती थांबायचे, थंडीत कोणता आवाज आला तर काळजी करायची नाही, हे त्याने अण्णांना शिकवले आणि मुलाला वहीत लिहायला लावले. ते कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. मग ८१ च्या गाडीची केबिन, दरवाजे, मागची फळी, डॅशबोर्ड, आणि तो सत्तरीच्या मिस्त्रींनी जुळवलेला मायको पंप, सगळे हिच्यावर आले. हिचा स्वतःचा पंप थकला होता. पुढचा हूक मात्र आम्ही ठेवला. दाजींना तो आधी आवडला नव्हता. पण फौजेनंतरची इतकी वर्षे तिने त्या हुकाने ओंडके ओढले. तो तिचा सेवाकाळच आहे, फक्त मालक वेगळा.

आम्ही कार डायरीसारखी एक वही ठेवतो. प्रत्येक भागासमोर तीनपैकी एक शब्द लिहितो. मूळ, बदली, किंवा घडवलेला. बदली असेल तर कुठून आला तेही. पुढे कोणी ही गाडी उघडली तर त्याला फसवणूक वाटू नये, म्हणून हा हिशेब. केबिनसमोर ‘बदली, ८१ च्या गाडीवरून’ असे स्वच्छ लिहिले आहे. फळीवरच्या नंबराखाली आम्ही वेगळी पट्टी लावली की हा नंबर या चासिसचा नाही.

पालकांपैकी काहींनी विचारले, आता ती रस्त्यावर आणणार का? केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या दुचाकींना आणि खासगी चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये. पण त्यात प्रवासी मोटारी येतात, मालवाहू ट्रक येत नाहीत. राजेमहाराजांच्या मोटारींना जागा आहे. त्यांचे सामान वाहणाऱ्या ट्रकला अजून नाही. म्हणून आमची शक्तिमान अण्णांच्या भावाच्या शेतावर असते आणि खासगी जमिनीवरच फिरते. नियम तोडून गाडी मिरवायची नाही, हे तिघांनी पहिल्या दिवशीच ठरवले. ट्रकचीही नोंद व्हावी यासाठी आम्ही अर्ज लिहिला आहे. उत्तराची वाट पाहतो.

एक सूचना, विशेषतः ज्या कॅडेटना अशा कामाची आवड आहे त्यांना. जुन्या जड गाड्यांच्या चाकांना रिम वेगळी आणि वर लोखंडी लॉक-रिंग असते. हवा भरताना रिंग नीट बसलेली नसेल तर ती गोळीसारखी उडते, माणूस जागीच जातो. पिंजऱ्याशिवाय हवा भरायची नाही, समोर उभे राहायचे नाही. माझ्या मुलाला आजही चाकाजवळ यायची परवानगी नाही, आणि तो माझ्यावर त्याबद्दल नाराज आहे.

गाडीचे काम अजून संपलेले नाही. डावा हेडलाइट आणि त्याची मूळ जाळी सापडलेली नाही. तुमच्या गावात, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, नगरकडे, कोणाच्या गोठ्यात किंवा गॅरेजच्या माळ्यावर शक्तिमानचे काही पडले असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी वर्गशिक्षकांकडे एक चिठ्ठी द्या. आणि घरात ती गाडी चालवलेले कोणी आजोबा असतील तर सुट्टीत वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. चढावर गियर कसा टाकायचे एवढेच विचारा. बाकीचे ते आपणहून सांगतील.